उसने ओरखडे

बेसवादक जाको पास्टोरियसच्या 1962च्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढून खाचा बुजवल्या होत्या आणि शिसवी पट्टीवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवले होते. खरबरीत तारांनी लाकूड कुरतडू नये म्हणून ही युक्ती. पण तिच्यामुळेच माणसाच्या गळ्यासारखा तो लांबणारा स्वर उजळला. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1999 मध्ये, फेंडरने त्याच्या नावाने दोन आवृत्त्या काढल्या. एक साधी, कोऱ्या रंगाची. दुसरी कस्टम शॉपची, कितीतरी महाग, मुद्दाम ओरखडे पाडून रंग उडवलेली. माझ्या मते साधीच अधिक प्रामाणिक आहे.

स्वर ठरतो पट्टी, तारा आणि पिकअपवर, रंगाच्या टवक्यांवर नाही. घासलेला नेक हाताला लगेच बसतो, असं वादक सांगतात. अगदी मान्य, पण मग नेक घासा, बॉडीवर टवके कशाला? शिवाय 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेलेलं मूळ वाद्य 1999 मध्येही बेपत्ताच होतं. म्हणजे ते समोर ठेवून ओरखडे उतरवून घ्यायची सोयच नव्हती! ज्यांना जाकोच्या वाटेने जायचंय त्यांनी साधी बेस घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या शिकवणीवर खर्च करावेत.