आधी दोर, मग कोयता

मार्व्याहून निघालेली फेरीबोट मनोरीच्या धक्क्याला लागते तेव्हा मी आजही खलाशाच्या हाताकडं बघत उभा राहतो. बोट पाण्यावर हलत असते, धक्का दोन वाव लांब असतो. खलाशी दोराची वेटोळी डाव्या हातात सैल धरतो आणि उजव्या हातानं फास असा सोडतो की तो नेमका खुंट्यावर जाऊन बसतो. रोज शेकडो माणसं हे बघत उतरतात, आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही. मला वाटतं. मुंबईची झाडं वाचवायला लागणारी पहिली विद्या या हातात आहे, आणि या शहरानं ती अजून मागितलेलीच नाही.

मी झाडांची छाटणी करतो. घर आमचं दर्यावर जगलेलं. बाबा खाडीत पाग टाकायचे. जाळ्याच्या कडेला ओवलेले शिशाचे मणी हवेत गोल फिरून एकदम पाण्यात पडले की त्यांचा एकच आवाज यायचा. लहानपणी मला ते सांगायचे, "हातानं नाय टाकायचं, नजरेनं टाकायचं. हात आपोआप जातो." मासेमारी मी सोडली. सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावायला शिकलो आणि तिथून झाडांकडं वळलो. फांदीवरून दोरी टाकायला तिच्या टोकाला वजन लागतं. माझं पहिलं वजन मी बाबांच्या जुन्या जाळ्यातल्या शिशाचं केलं. जाड कापडाची लांबट पिशवी शिवली, तोंडाशी कडी बसवली आणि घरच्या तराजूवर तोलून साडेतीनशे ग्रॅम भरली.

त्या कडीला सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, न पिळवटणारी दोरी बांधतात. झाडाखाली उभं राहून आधी बेचकी निवडायची. ती जिवंत हवी, खोडाला घट्ट धरलेली हवी, तिच्यात पोकळी किंवा बुरशी नको. मग दोरीचा एक वेढा कडीतून ओढून पिशवी दोन्ही हातांत दुपदरी लोंबती धरायची, दोन पायांच्या मधून तिला झोका द्यायचा आणि नजर बेचकीवर ठेवून सोडायची. पिशवी वर जाते, फांदी ओलांडते आणि स्वतःच्या वजनानं पलीकडं उतरते. दोरी भलत्या फांदीवर पडली तर पिशवी पुन्हा वर ओढून, झुलवून, एकेका फांदीवरून सोडवत योग्य जागी आणायची. या बारीक दोरीच्या टोकाला चढायचा बारा-तेरा मिलिमीटरचा दोर बांधून वर खेचायचा. सालीला तो घासू नये म्हणून बेचकीत दोन कड्यांचा पट्टा बसवायचा. मग दोघांनी मिळून दोराला लोंबकळायचं. फांदी करकरली नाही, हलली नाही, तरच एकानं चढायचं.

यात तीन गोष्टी कधी करायच्या नाहीत. दोरी तळहाताला गुंडाळायची नाही. अडकलेली पिशवी ताणून हिसडायची नाही, कारण ती सुटली की गलोलीतल्या दगडासारखी तोंडावर येते. आणि विजेच्या तारा जवळ असतील तर वीज बंद झाल्याशिवाय पिशवी उचलायचीसुद्धा नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं मला नेहमी विचारतात. त्याचं उत्तर मला एका सोसायटीच्या आवारात मिळालं. तिथं एक तरुण अनवाणी, कमरेला सुती दोरी आणि हातात कोयता घेऊन गुलमोहरावर चढला होता. ओल्या फांदीवर पाय सरकला. कमरेची दोरी कशालाच बांधलेली नव्हती. तो वाचला, पण त्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. उरलेलं काम दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या माणसानं तसंच पूर्ण केलं आणि झाडाचं डोकं उडवलं. दोन वर्षांनी त्या कापलेल्या टोकांवर दाट, उंच कोंब आले. ते वरवरच्या लाकडात रुजलेले असतात, त्यांना मुळाशी बळ नसतं. पुढच्या पावसात त्यांतलाच एक खालच्या गाडीवर कोसळला. झाड धोकादायक ठरवून तोडलं गेलं. आधी माणूस गेला होता कामातून, मग झाड गेलं.

अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून एक गोष्ट दाखवून दिली. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती उभ्या करतं आणि कुजणं तिथंच अडवायचा प्रयत्न करतं. म्हणून फांदी कुठं कापली याला महत्त्व आहे. तळाशी जो फुगीर कंठ असतो त्याच्या बाहेर कापली तर झाड भिंत बांधू शकतं. कंठ छाटला किंवा फांदी अधेमधे तोडली तर कुजणं आत शिरतं. जिवंत झाडावर टोकदार खिळ्यांचे बूट घालून चढणं म्हणजे प्रत्येक पावलाला एक जखम. नीट कापायचं तर माणूस कापायच्या जागेजवळ, दोन्ही हात मोकळे ठेवून, स्थिर उभा राहिला पाहिजे. तो तसा उभा राहतो तो फक्त दोराच्या भरवशावर. खाली नीट टाकलेल्या एका फेकीवर वरचा नीट काप अवलंबून आहे.

२०१८च्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडं मोजली गेली. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५चा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडांना वारसा म्हणून वेगळं स्थान दिलं. कायदा झाडाला मान देतो. पण त्या झाडावर कुणी, कसं चढावं हे ठरवल्याशिवाय तो मान फांदीपर्यंत पोचत नाही.

यंत्राची शिडी आणा, असं काही जण म्हणतात. मोठ्या रस्त्यावर ती जरूर आणावी. पण मनोरीच्या गावठाणात या. दोन घरांमधून एक माणूस हातगाडी घेऊन जेमतेम निघतो. शिडीची गाडी फेरीबोटीनं येत नाही. तिला भाईंदर, उत्तनवरून वळसा घालावा लागतो, आणि इतकं करून ती गल्लीच्या तोंडाशी अडते. माझा सगळा सरंजाम एका पिशवीत मावतो आणि खाडी ओलांडून काही मिनिटांत येतो. इथल्या एका कौलारू घरावर उंबराची जाड फांदी झुकली होती. घरच्या आजी म्हणाल्या, "झाड राहू दे, कौलं पण राहू देत." तिसऱ्या फेकीला दोरी वरच्या बेचकीतून गेली. फांदीचे सात तुकडे केले, एकेक दोरावर तोलून खाली उतरवला. एक कौल फुटलं नाही, आणि उंबर तिथंच आहे.

१७ मे २०२१ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. त्यानंतर कितीतरी दिवस मी अर्धवट मोडून लोंबणाऱ्या फांद्या उतरवत होतो. दोरावर काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि इथंच माझं मागणं आहे. दरवर्षी १ जूनला मासेमारीबंदी सुरू होते. मनोरी, गोराई, मढ, वर्सोवा इथल्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. गाठ, दोर, वजन आणि वाऱ्याचा अंदाज ज्यांच्या अंगात मुरला आहे ती माणसं नेमकी त्याच वेळी रिकामी होतात जेव्हा शहराच्या फांद्या मोडू लागतात.

वारा सुटलेला असताना कुणी झाडावर चढावं असं मी म्हणत नाही. पाऊस उघडल्यावर, खालचा रस्ता अडवून, दोन प्रशिक्षित माणसांच्या जोडीनंच हे काम व्हावं. त्यासाठी महापालिकेनं उन्हाळ्यातच किनाऱ्यावरच्या तरुणांना आणि सह्याद्रीत दोर हाताळणाऱ्या गिर्यारोहकांना एकत्र आणून शिकवावं. छाटणीच्या प्रत्येक कंत्राटात दोर, शिरस्त्राण, कंबरपट्टा आणि खाली उभा साथीदार बंधनकारक करावा. जिवंत झाडावर खिळ्यांच्या बुटांना मनाई करावी. किती फांद्या पाडल्या यावर नाही, झाड कसं राखलं यावर पैसे द्यावेत. याला वेळ जास्त लागेल, खर्चही थोडा वाढेल. पण मोडलेला पाय आणि तोडलेलं पन्नास वर्षांचं झाड यांचा खर्च आपण आजवर कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

परवा धक्क्याजवळच्या भेंडीच्या झाडाखाली त्या खलाशाच्या हाती मी माझी पिशवी दिली. पहिली फेक लांब गेली, दुसरी फांदीवर आपटून परतली. तिसऱ्या वेळी त्यानं बेचकीवरची नजर हलवली नाही, आणि पिशवी पलीकडं अलगद उतरली. त्यानं दोरी ओढून बघितली आणि विचारलं, "दादा, बंदीत याचं काम मिळेल का?" त्याला उत्तर देणं माझ्या हातात नाही. महापालिकेच्या हातात आहे, आणि ते पुढच्या १ जूनच्या आत यायला हवं.