शिल्प चित्रांसोबतच हवे



चित्रांशेजारी ठेवलेले शिल्प केवळ शोभेचे उरते, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. १९४९ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन भरले, त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे हे चित्रकार होते आणि शिल्पकार एकटे सदानंद बाकरे. पुढे बाकऱ्यांनी स्वतःही रंग हाती घेतले! आपल्या मराठवाड्यातच पाहा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यात कोरलेले बुद्ध, बाहेरच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना रंगवलेले पद्मपाणी आणि वज्रपाणी. यातले शोभेचे कोणते? तक्रार मांडणीची जरूर करावी. शिल्पाला बाजूने उजेड आणि भोवती फिरायला मोकळी जागा मिळालीच पाहिजे.

– एक वाचक, वडीगोद्री (जि. जालना)