आधी डिस्क पाहा, मग ड्राइव्ह घ्या

मरहूम अब्बांचा आवाज आता आपाच्या निकाहच्या दोन डीव्हीडींतच उरलाय. नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नाही. मुलगा म्हणाला, "घ्यायचाच तर ब्लू-रे घेऊ."

कवठे येमाईहून शिरूरला निघण्याआधी हिशोब केला. डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतात, ब्लू-रे डिस्कवर 25. ब्लू-रे ड्राइव्ह डीव्हीडीही वाचतो. पण आमच्या घरी ब्लू-रे डिस्क एकही नाही. सोनीने तर कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. मग यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्हच आणला.

अब्बांची दुआ ऐकताना अम्मीचे डोळे भरून आले. डिस्क कालांतराने खराब होतात, म्हणून दोन प्रती केल्या: एक आमच्याकडे, एक आपाकडे. तुमच्या कपाटातल्या डिस्कही आजच काढून पाहा.