शर्यतीची होडी आणि पुराची होडी

श्रावणात कृष्णेचे पात्र भरून वाहू लागले की सांगलीच्या परिसरात होड्यांच्या शर्यतींचे वारे वाहू लागतात. सांगलवाडी, कवठेपिरान अशा नदीकाठच्या गावांतील तरुण वल्ही सरसावून पात्रात उतरतात आणि घाटावर व पुलावर बघ्यांची दाटी होते. या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. नदीशी असलेले नाते ज्या काही थोड्या प्रसंगांतून अजून टिकून आहे, त्यांपैकी हा एक होय. तथापि शर्यत कोण जिंकणार याची जितकी चर्चा होते, तितकी जी होडी पाण्यात उतरते तिच्या अवस्थेची होते काय, हा प्रश्न विचारावयास हवा. या होड्या पुष्कळदा जुन्या असतात. फळ्यांचे सांधे सैल झालेले, पत्र्याला गंज चढलेला, तळाला ठिगळे लावलेली, अशा स्थितीतही त्या वर्षानुवर्षे वापरात राहतात.

हा प्रश्न केवळ खेळाचा असता तर तो क्रीडामंडळांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु कृष्णाकाठी शर्यतीची होडी आणि पुराची होडी यांत फारसे अंतर नसते. पाणी गल्लीबोळांत शिरले की सरकारी पथके येण्यापूर्वी मदतीला धावतात ते गावचे नावाडी आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते. आणि ते धावतात हाताशी असेल त्या साधनानिशी. गुऱ्हाळातील काहिलीत बसवून माणसे पैलतीरी नेण्याची वहिवाट या मुलखाला नवी नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरील त्या गावात, पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि १७ जणांचे प्राण गेले. ती होडी आपत्ती निवारण दलाची नव्हती, गावचीच होती. आणि तीत तिच्या कुवतीहून अधिक माणसे चढली होती. त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. मागे राहिलेल्या माणसांनी मिळेल त्या होडीत पाय टाकला, यात त्यांचा दोष तो काय? दोष असेल तर होडी किती भार पेलते हे पूर येण्याआधी कोणी ठरवून ठेवले नव्हते, याचा आहे.

साताऱ्याकडे चित्र वेगळे असले तरी प्रश्न तोच आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळे बामणोली, तापोळा आणि पलीकडील खोऱ्यांतील गावांना होडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती त्यांची एस. टी. आहे. शिवाय वासोट्याला जाणारे दुर्गप्रेमी आणि शाळा-महाविद्यालयांच्या सहली यांचीही भर पडते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने होडी बुडून ६ जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, आदेश निघतात आणि काही महिन्यांत सारे पूर्ववत होते. आदेशाला नित्याचा, ठरलेल्या तिथीचा आधार नसला की तो कागदावरच राहतो.

तो आधार शर्यत देऊ शकते. जगभर नौकाशर्यतींचे सुरक्षा-नियम असेच, अपघातांच्या ठेचा खाऊन, घडत गेले आहेत. ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ शिडाच्या नौका उतरल्या आणि वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या. त्यांपैकी बुडाल्या केवळ ५, उरलेल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. त्यातून जगाने धडा घेतला तो असा, की नौका तरंगती राखणे हे पहिले संरक्षण आणि तिला सोडणे हा अखेरचा उपाय. शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा प्रारंभच, संकटातील माणसाला शक्य ती सर्व मदत केली पाहिजे आणि नौकेवरील प्रत्येकासाठी पुरेसे जीवरक्षक साधन असले पाहिजे, या दोन अटींनी होतो. वल्ह्यांच्या शर्यतींतही नौकेच्या टोकाला रबराचा पांढरा चेंडू बसवावा लागतो, जेणेकरून धडकेत टोक कोणाच्या अंगात घुसू नये. आणि नौका पाण्याने भरली तरी ती वल्हेकऱ्यांसह तरंगत राहिली पाहिजे, अशी अपेक्षा असते.

हे नियम विलायती आहेत, आपल्या गरीब नावाड्याला ते परवडणार नाहीत, असा आक्षेप निघेल. तो अगदीच निराधार नाही. नवी होडी घेण्याची सक्ती केली तर होडी नाहीशी होईल आणि पुरात काहीच हाती उरणार नाही. परंतु जुनी होडी टाकावी असे कोणीच म्हणत नाही. ती दुरुस्त करावी एवढेच म्हणणे आहे. एक लिटर बंदिस्त हवा पाण्यात सुमारे एक किलो भार उचलते, हे आठवीच्या मुलालाही समजावून सांगता येते. रिकाम्या होडीचे वजन २०० किलो असेल तर घट्ट झाकणाची, एकूण २०० लिटर मावेल एवढी पिंपे तिच्यात पक्की बांधल्यावर ती पाण्याने भरली तरी तळ गाठणार नाही. इंजिन असेल तर त्याचा भार वेगळा धरावा लागेल, इतकेच. ही पिंपे दोन्ही बगलांना सारखी विभागून बसवावी लागतात. एकाच बाजूला बसवली तर होडी पालथी होण्याचे भय. मनुष्याचे शरीर पाण्याच्या मानाने फारसे जड नसते. म्हणूनच अवघा पाच किलो भार उचलणारे, वल्हे मारताना हातांना न अडविणारे जाकीटही पोहता येणाऱ्याला पुष्कळ साह्य करते. ज्याला पोहता येत नाही त्याला अर्थात याहून मोठे जाकीट हवे.

तेव्हा शर्यतीच्या आठवडाभर आधी प्रत्येक होडीची उघड परीक्षा व्हावी. उथळ पाण्यात तिच्यात पाणी भरावे, वल्हेकरी बसवावेत आणि ती तरंगते काय हे सर्वांसमक्ष पाहावे. सांधे, वल्ह्यांच्या खुंट्या, पाणी उपसण्याचे भांडे, दोर यांची तपासणी व्हावी. किती माणसे बसावीत तो आकडा आणि भाराची रेघ होडीच्या बाजूवर ठळक रंगवावी. मालवाहू जहाजांवर अशी रेघ असावी यासाठी सॅम्युअल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराने झगडा केला आणि १८७६ साली तिला कायद्यात स्थान मिळाले; दीडशे वर्षांनंतर कृष्णेच्या होडीवर ती उमटायला अडचण कसली? शर्यतीमागे बचावाची वेगळी होडी असावी, आणि पाणी किती फुटांवर गेले की शर्यत रद्द, हेही आधीच जाहीर व्हावे. ऐन वेळी बक्षिसाची रक्कम आणि पाहुण्यांची वाहने समोर असताना तो निर्णय घेणे कठीण असते.

कायद्याचीही अडचण नाही. १९१७ चा कायदा मोडीत काढून आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदणीचाही विचार आहे, आणि ते काम जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत पातळीवर सोपविण्याची मुभा राज्यांना आहे. शर्यतीसाठी तपासलेल्या होडीची नोंद त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या वहीत झाली, तर पुराच्या रात्री कोणती होडी कोठे आहे आणि ती किती माणसे पेलते, हे तहसीलदाराला शोधत बसावे लागणार नाही. दुरुस्तीचा थोडा खर्च बक्षिसांच्या रकमेतून काढला, तर शर्यतीची शोभा कमी न होता वाढेलच.

नियम म्हटला की तो आपल्या पराक्रमावर अविश्वास दाखविण्यासाठी आहे, असे धाडसी माणसाला वाटते. वस्तुतः पुरात उडी घेणाऱ्या तरुणाच्या धैर्याचा खरा अवमान होतो तो त्याच्या हाती गळकी होडी देण्याने. शर्यतीत हरलेला संघ पुढच्या श्रावणात पुन्हा उतरतो. ब्रह्मनाळच्या त्या होडीतून गेलेल्यांना अशी दुसरी संधी मिळाली नाही. कृष्णेच्या पाण्याला पुन्हा चढ येणारच आहे. ते येईल तेव्हा घाटाला बांधलेली प्रत्येक होडी आधी तपासलेली असेल, एवढी तजवीज करणे हे मंडळांच्या, ग्रामपंचायतींच्या आणि प्रशासनाच्या हाती आहे.