बटण दाबले, तरी यंत्र मुके का?

पावसाळाभर काठावर ओढून ठेवलेली होडी पाण्यात लोटावी, बटण दाबावे आणि यंत्राने केवळ ‘टक्’ असा आवाज करून स्वस्थ बसावे, हा अनुभव गोव्यातील खाडीकाठच्या कित्येक कुटुंबांना परिचित आहे. अशा वेळी स्टार्टर जळाला असे समजून नवा आणण्याची घाई होते. आमचे सांगणे एवढेच की, गाठीचा पैसा खर्चण्यापूर्वी दोष क्रमाने शोधावा.

आरंभ बॅटरीपासून करावा. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरून काही तास विसावली की मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास ती जवळजवळ अर्धी रिती झालेली असते. बटण दाबलेले असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर प्रथम संशय बॅटरीवरच घ्यावा.

नंतर तारांची टोके पाहावीत. खाऱ्या हवेने त्यांवर पांढरा-हिरवा थर चढतो व विजेची वाट अडते. सोडताना ऋण तार आधी, धन मागाहून. जोडताना याच्या उलट. थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, टोके कोरडी करून घट्ट आवळावीत. तारेचे यंत्राकडील टोकही विसरू नये.

मग कान द्यावा. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज पाहावा व गिअर मधल्या जागी आहे ना, याची खात्री करावी. नुसता ‘टक्’ होत असेल, तर स्टार्टरपर्यंत पुरेशी वीज पोहोचत नसावी. बॅटरी व जोड निर्दोष ठरल्यावरच रिले आणि स्टार्टर तपासावे. यंत्र फिरते पण पेटत नाही, तर दोष बहुधा पेट्रोलचा, प्लगचा किंवा निसटलेल्या सुरक्षा-दोरीचा असतो.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. गिअर लागलेला असता यंत्र सुरू होऊ नये, म्हणून त्यात एक स्विच बसविलेला असतो. काही जण तो तारेने जोडून निकामी करतात. मग होडी अकस्मात पुढे झेपावते आणि उभा असलेला मनुष्य पाण्यात, फिरत्या पंख्यापाशी फेकला जातो. स्विच बिघडल्यास तो बदलावा.

आणि वाचकहो, बॅटरी कितीही नवी असो, वल्ही घरी ठेवून निघू नये. घरची माणसे काठाकडे डोळे लावून बसलेली असतात.