लांब लेन्स घेताना मिलिमीटर नव्हे, उजेड मोजा

वसई तालुक्यातील उमेळे गावचा एक तरुण छायाचित्रकार गेल्या हंगामात आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात लेन्सची नवी कोरी पेटी होती आणि चेहरा उतरलेला होता. दोन वर्षे लग्नकार्यांत दुसऱ्याच्या हाताखाली राबून त्याने मिररलेस कॅमेरा घेतला. मग मामाकडून उसने पैसे घेऊन त्यावर स्वस्तातली टेलि-झूम लेन्स चढवली. दुकानात त्याला सांगितले गेले होते की लेन्स जितकी लांब तितकी भारी. पहिलेच स्वतंत्र काम होते एका वलिम्याचे. रात्रीची वेळ, मोकळ्या जागेतला मंडप, स्टेजवर चार पिवळे दिवे. नवरदेवाचे हात, पाहुण्यांची गळाभेट, आजीच्या डोळ्यांतले पाणी हे सारे त्याने लांबून टिपले आणि सारेच हलले. पार्टीने अल्बम नाकारला, उरलेले पैसेही दिले नाहीत.

“चाचा, लेन्स खराब आहे काय?” असे त्याने विचारले.

लेन्स खराब नव्हती. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन नायगावच्या खाडीकडे, मिठागरांच्या बांधावर गेलो. तीच लेन्स, तोच कॅमेरा. बगळ्याचे पीस न् पीस मोजून घ्यावे असे फोटो आले. दिवसाची वस्तू रात्रीच्या कामाला नेली होती, एवढाच काय तो दोष. ज्या धंद्यात एक हंगाम बुडाला तर वर्ष बुडते त्या धंद्यात हा दोष लहान नाही. म्हणून हे लिहीत आहोत. आमच्या वाचकांत स्टुडिओवाले, मंडपवाले, लग्नाचे व्हिडिओ काढणारे बरेच आहेत, आणि जुना आरशाचा कॅमेरा विकून मिररलेसकडे वळण्याची घाई सगळ्यांनाच झाली आहे.

प्रथम लांबीचा हिशेब सांगतो. तो सोपा आहे, पण दुकानात कोणी करून दाखवत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात छोट्या सेन्सरचे, म्हणजे एपीएस-सी जातीचे कॅमेरे आहेत. त्यावर २०० मिमीची लेन्स लावून ५० फुटांवरून आडवा फोटो घेतला, तर चौकटीत जवळजवळ सहा फूट रुंद आणि चार फूट उंच एवढी जागा येते. म्हणजे हॉलच्या मधोमध उभे राहून स्टेजवरचे दोघे कमरेपासून वर छान बसतात. निकाहला किंवा वसईच्या एखाद्या चर्चमधील लग्नाला छायाचित्रकाराने पुढे पुढे करू नये अशी अपेक्षा असते, तेथे एवढी लांबी पुरेशी आहे. पक्ष्यांची गोष्ट निराळी. दीडशे फुटांवरचा बगळा ३०० मिमीनेही चौकटीच्या उंचीचा जेमतेम चौथा भाग व्यापतो. तेव्हा लग्नवाल्याने ४०० मिमीच्या मोहात पडू नये, आणि पक्ष्यांच्या शौकिनाने २०० मिमीवर समाधान मानू नये.

आता खरी मेख. लेन्सवर ४.५–६.३ असे आकडे छापलेले असतात. याचा अर्थ असा की झूम आखडलेला असताना लेन्सचे तोंड एफ ४.५ इतके उघडते आणि पूर्ण लांबवल्यावर फक्त ६.३ इतके. आकडा मोठा तितके छिद्र लहान, हे उलटे गणित नवख्याला फसवते. ज्या स्टेजवर एफ २.८ च्या लेन्सने १६०० आयएसओ ठेवून सेकंदाच्या २०० व्या भागात फोटो निघतो, त्याच स्टेजवर ६.३ ला उजेड पाचपटीने कमी मिळतो. मग एकतर आयएसओ ८००० पर्यंत चढवा किंवा शटर सेकंदाच्या ४० व्या भागावर आणा. आयएसओ चढवला की फोटोत रवा येतो. मोबाईलच्या पडद्यावर तो दिसत नाही, पण १२ बाय ३६ च्या अल्बमच्या पानावर नवरीच्या गालावर नेमका दिसतो. शटर उतरवले की माणूस हलतो. आमच्या उमेळ्याच्या मित्राच्या कॅमेऱ्याने हे दुसरे केले होते, आणि तेही स्वतःच्या मर्जीने, कारण मोड आपोआपवर होता.

“पण लेन्समध्ये कंप रोखण्याची सोय आहे ना?” हा प्रश्न हमखास येतो. आहे. ती आपला हात थरथरला तर सांभाळून घेते. समोरच्याने हात हलवला तर तिचा काही उपयोग नाही. भिंत, किल्ल्याचा बुरूज, बसलेला वृद्ध यांना ती वरदान आहे, गळाभेटीला नाही.

तरीही स्वस्त झूम घेताना ही सोय आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे, कारण परवडणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांच्या अंगात ती नसते. सोनीचा ए-६४००, निकॉनचा झेड-५०, कॅननचे आर-५० आणि आर-१० या सर्वांना कंप रोखण्यासाठी लेन्सवरच अवलंबून राहावे लागते. टॅमरॉनची २०२० साली सोनीसाठी आलेली ७०–३०० मिमी लेन्स ५४५ ग्रॅमची, चांगली आणि किफायतशीर आहे, पण तिच्यात ही सोय नाही. मोठ्या सेन्सरच्या ए-७ मालिकेत दुसऱ्या आवृत्तीपासून कॅमेऱ्यातच ती असल्याने तेथे ही लेन्स शोभते. ए-६४०० वर ३०० मिमीला हातात धरून ती वापरायची तर शटर बरेच वेगवान ठेवावे लागते, म्हणजे पुन्हा भरपूर उजेड हवा.

ज्याच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही त्याने आपल्याच कंपनीची साधी झूम पाहावी. सोनीची ५५–२१० मिमी ही २०११ सालची लेन्स आहे. निकॉनची झेड डीएक्स ५०–२५० मिमी २०१९ ची, वजन ४०५ ग्रॅम; आमच्या मते या वर्गात सर्वांत सरस तीच. कॅननची आरएफ-एस ५५–२१० मिमी २०२३ ची, अवघी २७० ग्रॅम, मात्र लांबवल्यावर तिचे तोंड ७.१ इतके आकसते, म्हणजे संध्याकाळी मगरिबनंतर ती पिशवीत ठेवावी. फुजीवाल्यांना एक्ससी ५०–२३० मिमी आहे. या चारही लेन्समध्ये कंप रोखण्याची सोय आहे. सोनीत अधिक लांब हवी तर ७०–३५० मिमी आहे, मोठ्या सेन्सरच्या कॅननसाठी १००–४०० मिमी आहे. पण तिचे लांबचे टोक एफ ८, हे विसरू नये. पक्ष्यांना आणि दिवसाच्या क्रिकेट सामन्यांना ठीक, मंडपाला नाही.

जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स सध्या बाजारात पडेल भावाने येत आहेत, कारण सगळेच विकत आहेत. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर मारली तर मोह आवरत नाही. यात फायदा आहे आणि खड्डाही आहे. कॅननची ईएफ-एस ५५–२५० एसटीएम लेन्स कॅननच्याच अडॅप्टरने आर मालिकेच्या कॅमेऱ्यावर नीट ऑटोफोकस करते. निकॉनचे तसे नाही. त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकस करतात, पण जुन्या, कॅमेऱ्यातल्या मोटरीने फिरणाऱ्या एएफ-डी लेन्स करत नाहीत. त्या हाताने फिरवाव्या लागतात. दोन हजार वाचले म्हणून एएफ-डी घेणारा पहिल्याच वरातीत पस्तावतो. शिवाय अडॅप्टरची किंमत लेन्सच्या किमतीत मिळवूनच भाव तोलावा.

जुनी लेन्स घेताना आपला कॅमेरा सोबत न्यावा. मोबाईलची बॅटरी एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि मग भाव कितीही कमी असो, हात जोडून निघावे. माउंटच्या स्क्रूवर ओरखडे असतील तर लेन्स कोणीतरी उघडली आहे. झूम पूर्ण लांबवून, तोंड पूर्ण उघडे ठेवून समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो घ्यावा आणि पडद्यावर मोठा करून चारही कोपरे पाहावेत. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्सला कधीतरी मार बसला आहे. दुकानदार घाई करू लागला तर आपण अधिक सावकाश व्हावे.

मग रात्रीच्या कामाचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. ७०–२०० एफ २.८ ही रात्रीची खरी लेन्स, पण ती वजनाला सुमारे दीड किलो आणि किमतीला छोट्या स्टुडिओचे कंबरडे मोडणारी. ती विकत न घेता भाड्याने आणावी आणि भाडे पार्टीला आधीच दरात लावावे. एक उदाहरण घेऊ. समजा साधी झूम ३० हजारांना पडली आणि वर्षाला ३० कामांत वापरली. तीन वर्षांत ९० कामे झाली, एका कामाला ३३३ रुपये पडले. आता समजा मोठी लेन्स सव्वा लाखाची आणि तिची खरी गरज वर्षातून आठ रात्रीच. तीन वर्षांत २४ कामे, म्हणजे एका कामाला पाच हजारांहून अधिक. तेवढ्या भाड्यात कोणाचीही लेन्स रात्रभर मिळेल. दुसरी वाट म्हणजे ८५ मिमी एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स. एफ ६.३ च्या मानाने तिला उजेड बारापट मिळतो. फक्त पायांनी पुढे जावे लागते, आणि निकाहच्या मजलिशीत तेवढी परवानगी वडीलधाऱ्यांना आधी विचारून घेतली तर सहसा मिळते.

खरेदी करताना जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. नियमित नोंदणी असलेल्याला त्यातील कर वळता करून घेता येतो. कंपोझिशनवाल्याला येत नाही, म्हणून त्याने पूर्ण किंमत हीच आपली किंमत धरावी. बिलाशिवाय स्वस्त मिळणारी लेन्स बिघडली की कंपनी दारात उभे करत नाही. “बिनव्याजी” म्हणून सांगितलेल्या कार्डाच्या हप्त्यांबाबतही सावध असावे. बहुधा बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दाखवलेली असते, आणि वर प्रक्रिया शुल्क असते. व्याज टाळणाऱ्या वाचकांनी सही करण्यापूर्वी हप्त्याचा तक्ता मागून पाहावा. आमच्या उमेळ्याच्या तरुणाने मामाकडून उसने घेतले ते त्या मानाने शहाणपणाचेच केले.

कारागीर बंधूंसाठी एक शब्द. जरीकाम, बांगड्या, चपला यांचे फोटो काढून माल विकायचा असेल तर ही लेन्स घेऊ नये. या जातीच्या लेन्सना लांबवल्यावर वस्तूपासून साधारण मीटरभर दूर राहावे लागते. लहान नक्षी हातात येत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स आणि खिडकीचा उजेड पुरे. अपवाद सुताराचा. कपाट किंवा पलंग मोबाईलने जवळून काढला की वाकडा दिसतो. तोच मागे सरून ७० मिमीने काढला की प्रमाण सरळ राहते आणि गिऱ्हाईक “फोटोत वेगळे होते” अशी तक्रार करत नाही.

उमेळे, नायगाव, जुचंद्र या खाडीकाठच्या पट्ट्यात दोन गोष्टी आणखी सांभाळाव्या लागतात. मिठागरांवर सकाळी नऊनंतर जमीन तापली की हवा लहरू लागते. मग लाखाची लेन्सही दूरचे काही स्पष्ट देत नाही. तेथे लेन्सला नव्हे, घड्याळाला दोष द्यावा. दुसरी गोष्ट दमट खारी हवा. झूम पुढे सरकते तेव्हा लेन्स श्वास घेते आणि बाहेरची ओल आत ओढते. पावसाळ्यात ती कातडी पिशवीत कोंडून ठेवणे म्हणजे बुरशीला दावत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि रंग बदलला की पुड्या सुकवून घ्याव्यात.

तो तरुण आता दिवसाची हळद, मेहंदी आणि शाळांचे क्रीडामहोत्सव त्याच लेन्सने करतो. रात्रीच्या कामाला २.८ भाड्याने आणतो आणि भाडे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहितो. मामाचे अर्धे पैसे फिटले आहेत. त्याची लेन्स सध्या आईच्या जुन्या लोणच्याच्या बरणीत आहे, घासूनपुसून कोरडी केलेल्या, आणि दर जुम्म्याला तो झाकण उघडून पुड्यांचा रंग पाहतो.