वर्गात मोबाइलला बंदी, मग गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर का?

नेमका मुद्दा काय?
पिंपरी-चिंचवड, चाकणच्या अनेक शाळांत विद्यार्थ्यांनी मोबाइल आणायचा नाही, असा नियम असतो. गृहपाठ मात्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. २०२० च्या टाळेबंदीत लागलेली ही सवय नंतरही सुटलेली नाही.

बंदी कशासाठी?
‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले.

न्यायालय काय म्हणते?
दिल्ली उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सरसकट बंदी अव्यवहार्य ठरवली. शक्य तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत, वर्गात वापर नको, असे सांगितले.

अडचण कोणाची?
कामगाराच्या घरात एकच स्मार्टफोन असेल, तर तो आई किंवा वडिलांबरोबर कंपनीत जातो. सेकंड शिफ्ट सुटून तो घरी येईपर्यंत मूल झोपलेले असते. सकाळी वही कोरी आणि बोलणी मुलाला.

मग उपाय?
नियम शाळेलाही लागू हवा. गृहपाठ शाळा सुटण्याआधी फळ्यावर लिहावा, मुलांनी वहीत उतरवावा. ग्रुपवर केवळ आठवण द्यावी.